भंडाऱ्याचा पिवळा

"पिवळा बघ. बाकी काही बघू नको," संपतराव माझ्या कानाशी म्हणाले आणि त्यांनी खिशातून भंडाऱ्याची पुडी काढली.

पुण्याच्या त्या प्रिंटर विकणाऱ्या दुकानात एसी इतका जोरात होता की मी पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला होता. समोर आमच्या दिवाणाएवढा लांब प्रिंटर, आणि त्यातून कागद रेघेरेघेनं पुढे सरकत होता. आधी जेजुरी गडावरचं आभाळ आलं, मग दगडी कमान, मग पायऱ्यांवर उभे असलेले आम्ही दोघं, अंगभर भंडारा उधळलेले. पन्नाशीला आलेल्या बाईला नव्या नवरीसारखं उभं करून फोटो काढायचा आणि तो एवढा मोठा करून परक्या लोकांपुढे मांडायचा, ही कल्पना अर्थातच संपतरावांची. आपलं गिऱ्हाईक म्हणजे जोडपी, तेव्हा मशीन तपासायचं ते जोडप्याच्याच फोटोवर, असं त्यांचं म्हणणं होतं. माझं म्हणणं कुणी विचारलं नव्हतं.

कागद कापला गेला. संपतरावांनी चिमूटभर भंडारा प्रिंटच्या कडेला ठेवला. हा त्यांचा जुना नेम. रंग ठरवायचा तर मूळ वस्तू शेजारी धरायची, आठवणीवर जायचं नाही. नवरीच्या शालूचा रंग जुळवायचा असला तर ते गिऱ्हाइकाला घरी पाठवून तो शालू आणायला लावत, आणि गिऱ्हाईक कुरकुरलं तर समजूत घालायला मी होतेच.

"काय दिसतंय?" त्यांनी मला विचारलं.

दुकानाच्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. मलाही नवल वाटलं होतं. आमच्या स्टुडिओत मी गिऱ्हाईक सांभाळायची, फोटो कापायची, फ्रेमा करायची. प्रिंटरच्या खोलीत मात्र या माणसानं मला कधी बटणाला बोट लावू दिलं नव्हतं. तिथं मी चहा ठेवायचा आणि निघायचं. आणि आता पहिलं मत माझं.

मी भंडाऱ्याच्या चिमटीकडे पाहिलं, फोटोतल्या भंडाऱ्याकडे पाहिलं. "हिरवट हाय," म्हटलं. "लिंबाकडं गेलाय."

"किती?"

"आता किती ते काय सांगू? थोडा."

"थोडा म्हंजे किती ते कळाय पायजे," ते म्हणाले. पण त्यांना बरं वाटलं होतं, हे मला त्यांच्या मिशीवरून समजलं.

मग मी माझ्या स्वभावाला जागून न विचारलेलंही बोलले. "आणि तुम्ही तर पार आजारी दिसताय ह्यात. माझं थोबाड बरं आलंय, तुमचं न्हाई."

संपतरावांनी एकदम तो कागद उचलला आणि शाई वाळायच्या आत गुंडाळला. आपल्या हातानं प्रिंट खराब करताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. "मशीनचा दोष," ते म्हणाले. साहेब बिचारे काही समजावू लागले तोवर आम्ही जिन्यात होतो.

जेजुरीत राहणाऱ्या माणसाला पिवळा रंग दिसेनासा होतो. बाहेरचे लोक येतात आणि बघत राहतात, कारण पायऱ्या पिवळ्या, भिंती पिवळ्या, पायरीवर झोपलेलं कुत्रंही पिवळं. आमच्या घरात पांढरं कापड पांढरं राहिलेलं मला आठवत नाही. उशीचा अभ्रा, टॉवेल, संपतरावांचे सदरे, सगळ्यांवर हळदीची छटा बसलेली. लग्न झालं की जोडपी खंडोबाला येतात, नवरा नवरीला उचलून पाच पायऱ्या चढतो, घरचे लोक मुठीमुठीनं भंडारा उधळतात आणि मग त्या पिवळ्या धुरळ्यातून दोघांचे चेहरे बाहेर येतात. तो क्षण पकडायचा आणि भिंतभर मोठा करून द्यायचा, हा आमचा धंदा. 'चिकणे फोटो' ही पाटी वाचून लोक म्हणायचे, आडनावच चिकणे, मग फोटो चिकणे येणारच.

गंमत बाजूला ठेवली तरी गोष्ट खरी होती. इतरांच्या फोटोंत भंडारा कधी तिखटासारखा लाल यायचा, कधी लिंबासारखा फिका. आमच्याकडे तो भंडाऱ्यासारखा यायचा. त्याचं रहस्य मशीनमध्ये नव्हतं. संपतराव पहिला लहान प्रिंट काढायचे, पुडी शेजारी धरायचे, डोळे बारीक करायचे आणि कुठला रंग किती ढकलायचा ते बोटांनीच ठरवायचे. विचारलं तर म्हणायचे, ते सांगता येत नाही, दिसावं लागतं.

त्या पावसाळ्यात आमच्या जुन्या प्रिंटरचं शाई सोडणारं हेड गेलं. फोटोभर आडव्या रेघा येऊ लागल्या. कंपनीनं ते मॉडेलच बंद केलेलं, सुटे भाग मिळेनात. संपतराव हेड घेऊन एकटेच पुण्याला खेपा घालत राहिले. शेवटच्या खेपेहून आले तेव्हा दिवेलागण झाली होती. पायरीवर बसून त्यांनी सावकाश चपला काढल्या आणि म्हणाले, "आता दुरुस्ती न्हाई. थोडं लांबवता येतं, एवढंच." मी म्हटलं, मग लांबवू नका, नवं घेऊन टाका, तुळशीचं लग्न झालं की जोडप्यांची रीघ लागेल. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि बरं म्हणाले.

तेव्हापासून मात्र त्यांचं काहीतरी बिनसलं होतं. सारखे हात खाजवायचे, दंडावर ओरखडे उठायचे. विचारलं की म्हणायचे, हल्ली भंडाऱ्यात काय काय मिसळतात, अंगाला सोसत नाही. फोडणीचा वास आला की ताटावरून उठायचे. दुपारी अर्धवट काम टाकून आडवे व्हायचे. पॅन्ट ढिली होऊ लागली तेव्हा मी हसून म्हटलं होतं की आता दुसरं लग्न करायचा विचार दिसतोय. त्यांचा चष्मा उन्हात काळा होणारा, आणि आमच्या घरातले दिवे पिवळे. ते गडावर असले की डोळ्यांवर काळ्या काचा, आणि घरी आले की अंगावर भंडारा. रोजच्या माणसाच्या डोळ्यांत आपण असं कितीदा बघतो? भाजीत मीठ कमी पडलंय का, एवढं बघायला त्याच्या तोंडाकडे बघतो.

दुसरं मशीन बघायला आम्ही हडपसरला गेलो. इथले साहेब गोड बोलणारे होते. त्यांनी आमचा फोटो पडद्यावर घेतला, दोनचार बटणं दाबली आणि म्हणाले, ह्या मशीनबरोबरची प्रणाली चेहरे ओळखते, आपल्याला काही करावं लागत नाही. प्रिंट बाहेर आला आणि मी चक्क हरखले. भंडारा सोन्यासारखा झळकत होता. माझ्या गालांवरचे वांग गेले होते. आणि संपतराव, काय सांगू, लग्नात दिसले होते तसे दिसत होते. रसरशीत गाल, लख्ख डोळे.

"हेच घ्या," मी म्हटलं. "आता पुढं बघायचंच न्हाई."

त्यांनी पुडी काढली नाही. नुसते प्रिंटकडे बघत उभे राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "ह्यात काय चुकलंय ते तुला दिसत न्हाई?"

"काय चुकलंय? सगळं झ्याक हाय की."

"सगळं झ्याक हाय," ते म्हणाले, "तेच."

मला राग आला. चारचौघांत आपली परीक्षा घेतल्यासारखं कुणाला आवडेल? मी गाडीत बसेपर्यंत धुसफुसत होते. एवढं छान मशीन नाकारायचं, मग हवंय तरी काय यांना, बाईमाणसाला अडाणी ठरवायची हौस आली असेल, असं बरंच मनातल्या मनात आणि थोडं मोठ्यानंही बोलून घेतलं. ते नुसते समोर बघत गाडी चालवत राहिले. एरवी माझ्या एका वाक्याला त्यांची दोन असायची.

दिवे घाटाच्या मध्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली, दार उघडलं आणि कठड्याला धरून ओकले. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. मी पाण्याची बाटली घेऊन धावले. पाठीवर हात ठेवला तर सदऱ्याखाली मणके लागले. एकेक मणका हाताला लागला. माझा राग कुठल्या कुठे गेला. या माणसाला मी रोज जेवायला वाढते आणि याची पाठ अशी झालीय, हे मला माहीत नव्हतं.

"उद्या डॉक्टरकडं," मी म्हटलं.

"घाटानं व्हतं असं."

"जन्मभर ह्याच घाटातनं जाताय. उद्या डॉक्टरकडं, न्हाईतर मी गाडीत बसत न्हाई."

त्यांनी तोंड धुतलं, चष्मा पुसला, परत घातला. खाली दरीत ढगांच्या सावल्या सरकत होत्या. मग त्यांनी सौदा मांडला. "मशीन ठरू दे. तू ठरवायचं. तुझ्या तोंडानं हे घ्या म्हणालीस आणि मला पटलं, की त्याच पावली तू म्हणशील त्या डॉक्टरकडं येतो. शब्द देतो."

"मी ठरवायचं? मला काय कळतंय त्यातलं?"

"म्हणून तर," ते म्हणाले आणि गाडी सुरू केली.

आता माझ्यापुरतं सगळं सरळ होतं. मशीन गेलं खड्ड्यात. लवकरात लवकर एखाद्या प्रिंटरवर बोट ठेवायचं, आणि ते असं ठेवायचं की यांना पटावं. मग यांना दवाखान्यात न्यायचं. लातूरला लेकीला फोन करून सांगावं असं दोनदा मनात आलं, पण सांगणार काय? बाबा ओकले म्हणून? मी त्या आठवड्यात दुकानात बसून जुने फोटो काढले आणि पुडीतला भंडारा शेजारी धरधरून पाहिला. हिरव्याकडे गेलेला कसा दिसतो, तांबड्याकडे गेलेला कसा दिसतो. सुरुवातीला सगळे सारखेच वाटत. पण मनाला घोर लागला की डोळे नीट बघू लागतात. दोन दिवसांत मला आमच्याच दोन फोटोंतला फरक सांगता यायला लागला. संपतराव खाटेवर पडून माझ्याकडे बघत असायचे. मी बरोबर सांगितलं की नुसते "हं" म्हणायचे.

तिसऱ्या खेपेच्या आदल्या सकाळी त्यांनी मला पुन्हा गडाच्या पायऱ्यांवर उभं केलं. म्हणाले, मागच्या फोटोच्या वेळी ढग होते, प्रकाश खोटा होता, नवा काढू. तिकाटण्यावर कॅमेरा लावला, बटण दाबून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. चष्मा काढून खिशात टाकला, कारण काचेवर चमक येते. पाच पायऱ्या चढून येताना त्यांना धाप लागली होती. नारळवाल्या सोनाबाईनं आमच्यावर दोन मुठी भंडारा उधळला. तिची नजर त्यांच्या चेहऱ्यावर थांबली. काहीतरी विचारायला तिनं तोंड उघडलं आणि न विचारता पुन्हा आपल्या टोपल्यांकडे वळली. ती बाई कुणाला काही विचारायचं सोडणारी नाही.

"डोळे उघडे ठेव," संपतराव म्हणाले. "सरळ कॅमेऱ्यात बघ. मी पण बघतो."

तिसरं ठिकाण शनिवार पेठेत, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होतं. मोघे नावाचे गृहस्थ ते चालवायचे. आयुष्य छापखान्यात गेलेलं, बोलणं मोजकं आणि थोडं तिरकस. त्यांनी चहा विचारला नाही, मशीनचं कौतुकही सांगितलं नाही. "फाइल द्या. मी तिला हात लावणार नाही. जशी आहे तशी छापतो," म्हणाले. संपतरावांनी मान डोलावली. दोघांचं तिथंच जमलं.

प्रिंट निघाला तसा मोघ्यांनी तो एका कोनाड्यात नेऊन ठेवला. करड्या रंगाच्या तीन भिंतींचा कोनाडा, वरून दिवा. दिवा लागला तेव्हा मला कळलं की पांढरा प्रकाश मी बऱ्याच दिवसांत पाहिलेला नाही. माझ्या साडीचा हिरवा काठ मलाच ओळखू येईना.

"हां," मोघे म्हणाले. "आता मला सांगा, ह्या फोटोत पांढरं काय आहे?"

मी प्रिंटकडे पाहिलं. संपतराव मागे उभे राहिले.

"कशाला?" मी विचारलं.

मोघ्यांनी सांगितलं की यंत्र कुठल्या रंगाकडे झुकतंय ते ओळखायची सोपी खूण म्हणजे पांढरं. जे खरोखर पांढरं आहे ते कागदावर पांढरं उतरलं, तर मशीन सरळ आहे, मग एखादा रंग फार तर केसभर हलवावा लागतो. ते पिवळं उतरलं तर मशीन पिवळं मारतंय. "तुमच्या गावात पांढरं शोधणं कठीण दिसतंय," ते म्हणाले. "यांचा सदरा?"

"त्याच्यावर भंडारा हाय," मी म्हटलं. "आणि धुवून धुवून तो मुळातच पिवळा झालाय."

"पायरीचा चुना?"

"त्याच्यावर पण भंडारा."

मी फोटोत वाकून शोधू लागले. मला घाई होती. पांढरं सापडलं की मशीन बरोबर ठरणार, मशीन ठरलं की आम्ही दवाखान्यात. आभाळ निळसर होतं. बांगड्या, मंगळसूत्र, सोनाबाईचा पदर, कुठेच काही नाही. मग मला माझे डोळे दिसले. फोटोत मी सरळ बघत होते आणि माझ्या बुबुळांभोवतीचं पांढरं अगदी पांढरं होतं, वाटीतल्या दुधासारखं.

"हे," मी बोट ठेवलं. "डोळ्यातलं पांढरं. तिथं भंडारा जात न्हाई."

"वा," मोघे म्हणाले. "मग मशीन बरोबर आहे."

मला हायसं वाटलं. खात्री करावी म्हणून मी बोट शेजारच्या चेहऱ्यावर नेलं. तोच प्रकाश, तोच कागद, तीच शाई. संपतरावांच्या डोळ्यात पांढरं नव्हतं. बुबुळाभोवती पिवळं होतं. भंडाऱ्याचा तो पिवळा नव्हे. त्यात किंचित हिरवी झाक होती, जी मी आता आठवडाभर शिकून ओळखायला लागले होते.

मी पदरानं कागद पुसला. मोघे म्हणाले, "अहो, शाई आहे ती," आणि मग त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते म्हणाले मी जरा चहाचं बघतो, आणि बाहेर गेले. मला त्या माणसाचे उपकार वाटले.

"मशीनचा दोष आसंल," मी म्हटलं. "तुमच्या बाजूला पिवळं जास्त पडलं आसंल."

संपतराव पुढे आले. चष्मा काढला. त्यांनी आपला चेहरा त्या कोनाड्यात, प्रिंटच्या शेजारी, दिव्याखाली धरला. एवढी वर्षं लोकांच्या शालूंचे रंग जुळवताना जसं सांगायचे, त्याच आवाजात म्हणाले, "मूळ शेजारी धरून बघ."

मी बघितलं. कागदावरचे डोळे आणि खरे डोळे. खरे थोडे जास्तच पिवळे होते. मला पळून जावंसं वाटलं.

"तुमचं डोळं पिवळं झाल्यात," मी म्हटलं. "भंडाऱ्यानं न्हाई. आतनं."

त्यांनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. "आता जमंल तुला," ते म्हणाले.

मला क्षणभर काही कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. हेड दुरुस्त करायला म्हणून गेले होते, त्याच खेपांत पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात गेले होते. स्वादुपिंडात गाठ, आणि ती यकृतापर्यंत गेलेली. डॉक्टर म्हणाले होते, दुरुस्ती होणार नाही, थोडं लांबवता येईल. पित्ताच्या वाटेत नळी टाकली की पिवळेपणा उतरेल, खाज जाईल, चार घास जातील. बाकी काही बदलणार नाही.

"मग नळी का टाकली न्हाई?" माझा आवाज चढला. "इतके दिस खाजवत बसलात. घाटात ओकलात. का न्हाई टाकली?"

"नळी टाकली की डोळं पांढरं व्हनार," ते म्हणाले. "मग तुला दावाय माझ्याकडं काय राहिलं असतं?"

हा माणूस बोलत होता ते मला समजत होतं आणि समजून घ्यायचं नव्हतं. त्यांच्यामागे स्टुडिओ मलाच चालवायचा होता, आणि कुठला रंग किती ते त्यांना सांगता येत नव्हतं, ते नेहमी म्हणायचे तसं दिसावंच लागतं. भंडाऱ्याचा रंग जरा इकडेतिकडे झाला तर माझ्या नजरेतून सुटेल, उद्या एखादा गोड बोलून चकचकीत मशीन गळ्यात मारेल. पण नवऱ्याच्या डोळ्यातला पिवळा जिला ओळखता आला, तिला पुन्हा कुणी फसवू शकणार नाही, असं त्यांच्या डोक्यानं घेतलं होतं. त्यासाठी त्यांनी स्वतःचा चेहरा नमुना म्हणून वापरला होता. पहिल्या दुकानात मी आजारी दिसता म्हणाले तेव्हा मात्र त्यांचाच धीर सुटला आणि त्यांनी कागद गुंडाळला, हेही त्यांनी कबूल केलं. "तवाच सांगाय पायजे व्हतं," म्हणाले. "भ्यालो."

मला इतका राग आला होता की त्यांना मारावंसं वाटत होतं. दुकान, प्रिंटर, पिवळा, काय करायचं होतं मला त्याचं? मला फसवून शिकवलं, आणि ती शिकवणी चालू असताना आमचे एकत्र असायचे दिवस जात होते, ते मला माहीतही नव्हते. हे सगळं मी त्यांना तिथंच, त्या पांढऱ्या दिव्याखाली बोलून दाखवलं. शिव्याही दिल्या. ते ऐकत राहिले. मध्येच मी त्यांचा सदरा मुठीत धरला आणि रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांच्या बोटांना सवयीप्रमाणे हळदीचा वास येत होता.

त्या वर्षीचा मार्गशीर्ष त्यांनी बघितला नाही. नळी टाकली, डोळे निवळले, महिनाभर चांगले गेले. त्यांचे ते पांढरे डोळे मला शेवटपर्यंत खोटे वाटत राहिले. पण ते सगळं पुढचं. त्या दिवशी मोघे तीन कप चहा घेऊन आत आले तेव्हा आम्ही दोघं कोनाड्यापासून लांब, बाकावर बसलो होतो, आणि माझे डोळे सुजलेले होते.

मोघ्यांनी बाकासमोर स्टूल ओढलं. कप ठेवले. मग त्यांनी संपतरावांना विचारलं, मशीनबद्दल आत्ता ठरवायचं की नंतर फोनवर कळवता.

"त्यांना विचारा," संपतराव म्हणाले आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "मालकीण त्या हायेत."

मी उठले. मला त्या दुकानाबाहेर धावत जायचं होतं. आज तीच आठवण मला जास्त त्रास देते, की मला जायचं होतं आणि मी गेले नाही. मी कोनाड्याशी गेले. पुडी काढून चिमूटभर भंडारा कागदाच्या कडेला ठेवला. पदरानं पुसून पुसट झालेल्या त्या डागाकडे, दोघांच्या डोळ्यांकडे पुन्हा पाहिलं. मग भंडाऱ्याकडे. माझ्या पाठीमागे संपतरावांचा श्वास मला ऐकू येत होता.

"भंडारा किंचित हिरवा येतोय," मी म्हटलं. "एक केसभर तांबडं टाकावं लागंल."

"आणि चेहरे?" मोघ्यांनी विचारलं.

"चेहरे बरोबर आलेत," मी म्हटलं. "त्यांना हात लावू नका."

मोघे वळून खुर्चीवर बसले आणि आकडे बदलायला लागले.